आधी पाणी, मग गळ

पहिल्या दिवशी गळ नकोच. बांबूची पाच-सहा फुटी हलकी काठी, जवळपास तेवढाच लांब तंगूस आणि त्याच्या टोकाला गळाऐवजी एक लोखंडी नट, एवढं सामान घेऊन अंगणात किंवा गच्चीवर जावं. तीन-चार पावलांवर पाण्याचं घमेलं ठेवावं आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगावं, हा नट त्या घमेल्यात टाकून दाखव. पहिल्या पंधरा-वीस वेळा नट तुळशीवृंदावनावर, वाळत घातलेल्या कपड्यांत, झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर जातो. मग हळूहळू मनगटाला अंदाज येतो. या खेळात एकच नियम कडक पाळायचा. नट फेकण्यापूर्वी मागे वळून पाहायचं आणि ‘मागे कुणी आहे का?’ असं मोठ्याने विचारायचं. विसरलं की पाळी गेली. पुढे खाडीच्या बांधावर नटाच्या जागी गळ येतो आणि मागे धाकटी बहीण उभी असते, तेव्हा ही अंगणातली सवय डोळा वाचवते.

कोकणात मुलांना मासे गरवायला कुणी मुद्दाम शिकवत नसे. आजोबांच्या किंवा थोरल्या भावाच्या मागे गांडुळांचा डबा धरून दोन-तीन पावसाळे हिंडलं की पोर आपोआप शिकत असे. डबा धरणाऱ्याला काठी मिळत नसे आणि तेच फार चांगलं होतं. त्या काळात त्याला पाणी दिसत असे. आता पुण्या-ठाण्याहून मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी येणाऱ्या मुलाच्या हातात बाबा ऑनलाइन मागवलेला चकचकीत रॉड देतात. अर्ध्या तासात रीळाचा गुंता होतो, मासा येत नाही, आणि मूल मोबाइल मागतं. चूक मुलाची नसते. त्याला पाण्याशी कुणी ओळखच करून दिलेली नसते.

म्हणून गळाआधी दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाण्याच्या कराव्यात. ओढ्याच्या घोट्याएवढ्या पाण्यात जुना पंचा किंवा ओढणी दोघांनी चार टोकांना धरायची, तळाला टेकवायची, वरच्या बाजूने तिसऱ्याने पाय आपटत यायचं आणि झटक्यात पंचा उचलायचा. आत मळ्ये, झिंगे, चतुराच्या अळ्या, बेडकाची पिल्लं असं काहीबाही निघतं. पारदर्शक बरणीत ओढ्याचंच पाणी घेऊन पाच मिनिटं निरखायचं आणि जिथून घेतलं तिथे सोडून द्यायचं. कल्ल्यांची उघडझाप मोजायला सांगावं. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेघ दाखवावी. ती पार्श्वरेखा, पाण्यातली हालचाल आणि थरथर मासा तिच्यावाटे ओळखतो. ‘गप बस, मासा ऐकतो’ असं कोकणातले आजोबा दटावतात, त्यात थोडी दुरुस्ती मुलांना आवडते. काठावरचं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही, पण काठावर आपटलेला पाय माशाला लगेच कळतो. गप्पा मारल्या तर चालतील, उड्या मारलेल्या चालणार नाहीत.

शाकाहारी घरातल्या मुलांसाठी हा पंच्याचा खेळ म्हणजे अख्खी मासेमारीच आहे. त्यांनी गळापर्यंत जायची गरज नाही.

समुद्रकाठी हेच काम ओहोटीला उघडे पडणारे खडक करतात. खडकातल्या डबक्यांत कालवं, शंख, खेकडे, बाजूच्या चिखलात उड्या मारणारे निवटे, सगळं मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर मांडलेलं असतं. फक्त ओहोटी कधी हे आधी कळायला हवं. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर त्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. म्हणून पालकांनी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक पाहावंच. पण मुलाने कालनिर्णय काढून, तिथी शोधून, गुणाकार करून ‘आज सव्वाबाराला सुकती’ असं सांगितलं आणि ते खरं निघालं, तर त्या दिवशी चंद्र आणि समुद्र यांचं नातं त्याला कुठल्याही धड्यापेक्षा पक्कं समजतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं लांब जातं तितकंच वेगाने आत येतं. खडकावर जायचं ते पाणी उतरत असताना, आणि परत फिरायचं ते पूर्ण ओहोटी व्हायच्या आत. भरती लागली की डबक्यात कितीही सुंदर खेकडा असो, मागे वळायचं.

जागा निवडताना माणसं माशांचा विचार करतात. मूल सोबत असेल तर आधी काठाचा करावा. सपाट, उथळ उतार असलेला, शेवाळ नसलेला काठ हवा. धरणाच्या खालच्या नदीपात्रात बसायचं असेल तर पाणी सोडताना वाजणारा भोंगा म्हणजे काय, हे मुलाला आधी सांगून ठेवावं. सांगलीकडे कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत आणि मुंबईतल्या पवई तलावातही मगरी आहेत. अशा पाण्यात मुलाला पाय बुडवूही देऊ नये आणि स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय काठावर बसू नये. पोहता येत असो वा नसो, बारा वर्षांखालच्या मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावंच. ‘एवढ्याशा पाण्यात कशाला?’ असं म्हणणारे काका प्रत्येक गावात भेटतात. त्यांचं ऐकू नये. आणि एक मोठं माणूस असं हवं ज्याच्या हातात काठी नाही. ज्याचं लक्ष स्वतःच्या तरंडाकडे आहे, त्याचं लक्ष मुलाकडे असू शकत नाही.

आता गळ. मूल तयार झालं की नाही, हे वयाने ठरवू नये. सांगितलेल्या जागी थांबतं का, सुई-दोरा जपून हाताळतं का, ‘आता पुरे’ म्हटलं की उठतं का, एवढं पाहावं. काहींना हे सहाव्या वर्षी जमतं, काहींना दहाव्या.

गळ बारीक घ्यावा, आणि दुकानातून आणल्याबरोबर त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. हा काटा मासा सुटू नये म्हणून असतो, पण तोच गळ मुलाच्या बोटात शिरला तर बाहेर येताना मांस फाडतो. काटा दाबलेला गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो, बोटातूनही आणि माशाच्या तोंडातूनही. तंगूस ढिला सोडला तर काही मासे निसटतील. निसटू देत. तंगूस ताणलेला ठेवायला मूल त्यातूनच शिकतं. काटा न दाबलेला गळ कुणाला लागलाच, तर ओढाओढ न करता तंगूस कापावा, गळ जागेवर ठेवून डॉक्टरकडे जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. डोळ्याजवळ लागला असेल तर हातही लावू नये.

गाठ मुलाला स्वतःच मारू द्यावी. तंगूस गळाच्या छिद्रातून ओवायचा, टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे फिरवायचं, मग छिद्रालगत तयार झालेल्या बारीक फासातून काढून घ्यायचं. थुंकीने ओलं करायचं आणि सावकाश आवळायचं. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो, म्हणून ओलं करणं. घरी जाड सुतळी आणि किल्लीच्या कडीवर वीस वेळा सराव केला की काठावर रडारड होत नाही. गळापासून वीतभर अंतरावर शिशाचा दाणा आणि त्यावर बुचाचा तुकडा बांधला की सामान पूर्ण. रीळ, स्पिनर, रबरी मासे यांची पहिल्या दोन वर्षांत गरज नाही.

आमिषाला गांडूळ किंवा कणकेत थोडी हळद घालून घट्ट मळलेली गोळी. गांडुळं मुलांनीच उकरावीत. ज्याने सकाळी उकिरड्याजवळची ओली माती फावड्याने उलटी केली, त्याची मासेमारी नदीवर पोहोचण्याआधीच सुरू झालेली असते.

आणि मासा लहान हवा. ही गोष्ट बापांना पटत नाही, आयांना लगेच पटते. तीन तास मरळीची वाट पाहण्यापेक्षा अर्ध्या तासात बोटभर लांबीचे चार मळ्ये लागले, तर मूल पुढच्या रविवारी स्वतःहून काठी काढतं. पहिली फेरी तासाभराची. मासे लागत असतानाच आटोपती घ्यावी, म्हणजे ‘अजून एकदा’ हे शब्द घरापर्यंत सोबत येतात.

शेंगाळ्याबद्दल मात्र आधीच बजावून ठेवावं. मिशा असलेला हा मासा खाडीत आणि नदीत सहज गळाला लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांना ताठ काटे असतात. ते टोचले की विषारी कळ हातभर चढते. शेंगाळा मोठ्यांनीच सोडवावा, तोही पक्कडीने. टोचलाच, तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा. त्या विषाची कळ उष्णतेने उतरते. पाणी किती गरम ते मोठ्या माणसाने आधी स्वतःचा हात घालून ठरवावं, कारण कळवळणाऱ्या मुलाला चटका समजत नाही. पुढे डॉक्टर आहेतच. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी उथळ पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटांनी जखमी केलं होतं. वाळूच्या उथळ समुद्रात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं. पाकट आधीच बाजूला होतो.

मग मासा लागतो, काठावर फडफडतो, आणि मूल विचारतं, ‘त्याला दुखतंय का?’

या प्रश्नाला टाळू नये. ‘माशाला काही कळत नाही’ हे उत्तर घराघरांत दिलं जातं, पण ते आता टिकत नाही. २००३ साली स्कॉटलंडमधल्या रॉझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवून दिलं; ओठांत दाहक द्रव टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. माशाला नेमकं माणसासारखं दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मुलाला एवढंच सांगावं: दुखत असणार असं धरून आपण वागायचं. म्हणजे दोनच वाटा. सोडायचा असेल तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच धरून, गळ उलट फिरवून लगेच सोडायचा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगराईपासून त्याला वाचवणारं कवच तेच असतं. ठेवायचा असेल तर पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. ओल्या फडक्यात घट्ट धरून, डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जाड काठीचा एक जोरकस फटका. हे काम मोठ्यांनी करावं. मुलाने पाहायचं की नाही, हे त्याच्यावर सोडावं. तोंड फिरवलं तर चिडवू नये आणि पाहिलं तर शाबासकीही देऊ नये.

घरी आल्यावर विळीवर बसलेल्या आजीच्या किंवा आईच्या शेजारी त्याला बसवावं. पोट उघडलं की पांढऱ्या फुग्यासारखी पिशवी दिसते, तिच्या जोरावर मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतो. जठर कापून पाहिलं की त्याने सकाळी काय खाल्लं ते कळतं, आणि पुढच्या वेळी आमिष काय लावावं तेही. एक खवला भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. आणि कधी आत गाबोळी निघते, अंड्यांचा तो पिवळा गोळा. खाणारे तिच्यावर तुटून पडतात, पण मुलाला ती हातात धरून दाखवावी, कारण पुढचं सगळं बोलणं तिथून निघतं.

जूनमध्ये पाऊस धरला की कोकणात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं शेताकडे धावतात. नदी-ओढ्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, पाटापाटाने भाताच्या खाचरांत चढतात. रायगड-ठाण्यात याला वलगण म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढणीचे मासे. अनेकांच्या लहानपणाची सगळ्यात झगझगीत आठवण हीच असते: कोसळणारा पाऊस, घोट्यातून सळसळत जाणारे मासे, टोपलीने, इरल्याने, हाताने झालेली लूट. तीच मजा आपल्या मुलाला द्यावी असं वाटणं स्वाभाविक आहे. पण चढणीची जवळजवळ प्रत्येक मादी गाबोळीने भरलेली असते. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, तिच्यामागेही माशांच्या विणीचंच कारण आहे. शेताच्या बांधावर उभं राहिलं की मात्र हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. पूर्वी ओढ्यांत मासाच इतका होता की चार टोपल्यांनी फरक पडत नसे. आता ओढ्यांवर बंधारे आले, खाचरांत रसायनं आली, चढणीच्या वाटा तुटल्या.

तेव्हा मुलांना वलगण दाखवावी जरूर, गमबूट आणि रेनकोट घालून, मोठ्यांचा हात धरून. बॅटरीच्या उजेडात एखाद्या वीतभर धबधब्याशी उभं राहून दहा मिनिटांत किती मासे वर चढले ते मोजायचं. किती पडले, किती पुन्हा चढले, तेही मोजायचं. आकडा वहीत तारखेसह लिहायचा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. टोपली घरी ठेवावी. (पायाला जखम असेल तर मूलही घरी ठेवावं. साचलेल्या पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि रात्री बांधावर साप असतात.)

पकडण्याची हौस भागवायला ऑक्टोबर आहे. पाणी उतरतं तसे मासे नदीकडे परततात आणि त्यातले कित्येक कातळावरच्या, शेताकडेच्या डबक्यांत अडकतात. डबकं आठवड्याभरात आटणार असतं, मासे मरणार असतात. ते पंच्याने पकडून निम्मे नदीत सोडायला आणि निम्मे तव्यावर टाकायला काहीच हरकत नाही. दोन्ही हात भरून मासे पकडल्याचा आनंद इथे निर्मळ मिळतो.

तळ्यात पृष्ठभागावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला तर त्याच्या खाली मरळ आई-बाप पहारा देत असतात. त्या वेळी ते कशावरही झडप घालतात, त्यामुळे मरळ पकडायची ती सर्वांत सोपी वेळ. आणि तिथून मुलाला घेऊन दुसऱ्या काठावर जायची वेळही तीच. पालक गेले की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

उलट, एका माशाला अशी कुठलीही सवलत नाही. चिलापी. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तळी-धरणांत सगळीकडे पसरला आहे. उजनीच्या जलाशयात तर जाळ्यात येणाऱ्या मासळीत त्याचं राज्य आहे. इतका का पसरला, हे मुलाला माशाचं तोंड उघडून दाखवता येतं. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. वाढायला चिवट, खायला चालू, आणि देशी माशांच्या वाट्याचं खाणं-जागा बळकावणारा. मुलासाठी याहून चांगला पहिला मासा नाही. लवकर लागतो, काटे फार नाहीत, कितीही नेला तरी पाण्याचं भलंच होतं. गळाला लागलेली चिलापी परत सोडायची नाही आणि घरच्या काचेच्या टाकीत कंटाळा आलेला सकर मासा ‘बिचारा’ म्हणून नदीत न्यायचा नाही. कोणता मासा सोडायचा आणि कोणता मुळीच सोडायचा नाही, हा फरक ज्या मुलाला कळला त्याला नदी कळू लागली.

न पकडायच्या माशांचीही एक सहल करावी. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं, आणि डोहातले महसीर देवीचे. त्यांना कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. दख्खनचा हा महसीर शास्त्राच्या दप्तरी आला तो कर्नल साइक्स यांच्यामुळे, १८३९ साली, पुण्याच्या मुळा-मुठेतून. आजच्या मुळा-मुठेकडे पाहून मुलाला हे खरं वाटणार नाही. लोणावळ्याला वळवण इथे टाटा पॉवरने १९७०च्या दशकात या माशाचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं आणि तिथली पिल्लं देशात अनेक ठिकाणी सोडली गेली.

परवानगीचं विसरू नये. धरणं आणि मोठे तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. त्यांच्या माणसाला विचारलं की तो बहुतेक वेळा हो म्हणतो आणि वर चांगली जागाही दाखवतो. अभयारण्यात मासे धरता येत नाहीत. सुरुंगाची कांडी टाकून किंवा पाण्यात विष मिसळून मासे मारणं १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी ब्लीचिंग पावडर टाकून ‘झटपट’ मासे काढताना दिसलं तर मुलाला तिथून उठवावं आणि का उठवलं ते वाटेत सांगावं.

आता शिकारीचं. आजोबांच्या काळातल्या रानडुकराच्या, सशाच्या हाक्याच्या गोष्टी ऐकून मुलं विचारतात, आपण कधी जायचं? उत्तर सरळ आहे: नाही जायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. या कायद्यातल्या ‘शिकार’ शब्दात फासा लावणं, जिवंत पकडणं, पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं हेही येतं. बेचकीने पाखरं टिपणं हा खेळ राहिलेला नाही. बेचकी हवीच असेल तर झाडाला टांगलेली नारळाची करवंटी हे निशाण उत्तम.

पण शिकारीत नेमबाजी शेवटच्या एका क्षणापुरती असे. बाकी सगळं म्हणजे वारा कुठून वाहतो ते पाहणं, पायाखाली काटकी न मोडता चालणं, ठसा ताजा की कालचा ते ओळखणं, तासन् तास गप्प बसणं. ते सगळं मुलांना आजही शिकवता येतं. संध्याकाळी शेताच्या पायवाटेवर दोन हात रुंदीची बारीक चाळलेली माती पसरून ठेवायची आणि सकाळी उजाडताच वाचायला जायचं. मुंगूस गेलं की मांजर, साळिंदराचा काटा पडलाय का, डुकरांची पिल्लं सोबत होती का. चांगला ठसा मिळाला तर पुठ्ठ्याची पट्टी गोल लावून त्यात दह्याइतकं दाट कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं आणि अर्ध्या तासाने उचलायचं. भिंतीवर टांगायला शिंगांपेक्षा हे फार चांगलं.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली लहानपणी हौशी शिकारी होते. मामांनी दिलेल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला १९०८च्या सुमारास ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठ चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण त्या मुलापुढे एकामागून एक उघडले. ‘बंदूक कशाला चालवलीस?’ असं दरडावून त्याला परत पाठवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार पालकांनी जरूर करावा. मुलाच्या शिकारी कुतूहलाला कायद्याचं कलम ऐकवून मोकळं होऊ नये. त्याच्यासाठी कुठला तरी खण उघडायची तयारी ठेवावी.

वेळासचं उदाहरण मुलांना घेऊन जाऊन पाहण्यासारखं आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात समुद्रकासवांची अंडी लोक खायला-विकायला नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह ती घरटी राखायला सुरुवात केली. वाळूतून घरटं शोधण्याचं जे कसब अंडी चोरायला लागत होतं, तेच राखायला लागतं.

आणि ज्या घरांत गळ बांधायला शिकवणारं कुणीच नाही, त्यांनी पावसाळा संपल्यावर मालवण, वेंगुर्ला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे रापण गाठावी. होडीतून अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याचे दोन दोर आणि किनाऱ्यावर दोरांना लागलेली माणसांची दोन टोळकी. रापणकारांना विचारून मुलांनी दोराच्या शेवटच्या टोकाला हात लावावा. ओढणाऱ्यांच्या पावलात पाऊल टाकत मागे मागे जायचं, एक-दीड तास. तळहात लाल होतात. जाळं वाळूवर आलं की ढिगात हात घालायचा नाही. त्यात कधी कधी विषारी समुद्रसाप असतात. ते कसे वेगळे काढायचे हे रापणकारांना ठाऊक असतं. मुलांनी चार पावलं मागे उभं राहून नावं विचारावीत. बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे. आपल्याला किती ओळखता आले ते मोजावं. वाटे पडताना दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी देण्याची तिथे रीत आहे. मुलाने ती पिशवीत न घेता दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावी आणि घरी नेऊन स्वतः धुवावी.